विकरांना हायड्रोजन पेरॉक्साइडचा पुरवठा

पेरॉक्सिडेज, क्लोरोपेरॉक्सिडेज, पेरॉक्सिजनेज या विकरांना (एन्झाइमांना) ऑक्सिडीकरणासाठी लागणारे हायड्रोजन पेरॉक्साइड बेताबेताने देण्याची तंत्रे. पेरॉक्साइड मिळते मुबलक. अवघड जाते ते हात आखडून देणे. बाजारातल्या ३०% द्रावणात लिटरमागे जवळपास १० मोल पेरॉक्साइड असते, तर हीमयुक्त (हीम म्हणजे लोह असलेला, काम करणारा गट) विकरांना काही मिलिमोलसुद्धा जड जातात. जादा पेरॉक्साइड हीमच नष्ट करते. विकराचा तपकिरी रंग उतरतो, आणि मग पंप बंद करून काही हाती लागत नाही.

२००४ मध्ये अ‍ॅग्रोसायबी एजेरिटा या अळंबीतील पेरॉक्सिजनेजचा शोध प्रसिद्ध झाल्यावर या विषयाचे महत्त्व वाढले. सायटोक्रोम पी-४५० ला (रेणूंत ऑक्सिजन घालणाऱ्या हीमयुक्त विकरांना) सहसा एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा सहविकर) आणि जोडीदार प्रथिने लागतात. तशाच कामाला या विकराला एकटे पेरॉक्साइड पुरते.

सर्वांत साधा उपाय डोझिंग पंपाचा, म्हणजे द्रव मोजून सोडणाऱ्या पंपाचा. मात्र थेंब जिथे पडतो तिथे क्षणभर पेरॉक्साइडची संहती (द्रावणातले प्रमाण) मर्यादेच्या कैकपट असते, म्हणून नळीचे तोंड द्रवाच्या आत, ढवळणीच्या पात्याजवळ ठेवतात. द्रावण पातळ करून सोडले, तर टाकी पाण्यानेच भरते आणि पुढे उत्पादन वेगळे काढण्याचा खर्च अंगावर येतो. स्टार्च-आयोडाइडची पट्टी गडद निळी होऊ लागली, की पेरॉक्साइड साचते आहे असे समजून पंप मंद करावा. विकर कच्चे असेल तर त्यातले कॅटालेज पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करून टाकते. वर फेस येतो तो वेगळाच.

दुसरा मार्ग टाकीतच पेरॉक्साइड तयार करण्याचा. ग्लुकोज ऑक्सिडेज हवेतला ऑक्सिजन वापरून हे करते. पण ३४ ग्रॅम पेरॉक्साइडसाठी १८० ग्रॅम ग्लुकोज खर्ची पडते आणि १९६ ग्रॅम ग्लुकॉनिक आम्ल गळ्यात पडते. सामू राखायला अल्कली घालत बसावे लागते. प्रयोगशाळेत हे शोभते, स्वस्त मालाच्या उत्पादनात नाही. फॉर्मेट ऑक्सिडेज वापरल्यास मागे फक्त कार्बन डायऑक्साइड उरतो. विद्युत् अग्रावर ऑक्सिजनचे क्षपण करूनही (त्याला इलेक्ट्रॉन देऊनही) पेरॉक्साइड मिळते. प्रकाश-उत्प्रेरकांनीही ते तयार करता येते, पण त्यात हायड्रॉक्सिल मूलके (अतिक्रियाशील रेणूखंड) विकराला इजा करू शकतात.

टाकीतच पेरॉक्साइड करण्याच्या या मार्गांत ऑक्सिजन विरघळावा लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तिथेच अडते. पाण्यात २५° से.ला लिटरमागे सुमारे ८ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ४०° से.ला साडेसहाच्याही आत. पारा ४५° ला टेकला असता पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पेरॉक्साइडच्या कॅनमध्येही विघटनाचा वेग वाढतो; झाकण हवा सोडणारे हवे आणि गंजाचा कणही आत जाता कामा नये.

विदर्भातल्या कापूस-कापडाच्या धंद्याला पेरॉक्साइड नवे नाही, पण कापडाच्या ब्लीचिंगनंतर विकराचे काम नेमके उलटे असते: रंगाईआधी उरलेले पेरॉक्साइड कॅटालेजने संपवतात. फिनॉलयुक्त सांडपाण्यात मात्र पुन्हा पुरवठाच करावा लागतो. तिथे पेरॉक्सिडेज फिनॉलचे न विरघळणारे बहुवारिक (पॉलिमर) बनवते आणि ते गाळून काढता येते.