देव आनंद, काळा कोट आणि कोर्ट

देव आनंदने काळा कोट घातला की मुली गच्चीवरून उड्या टाकायच्या, म्हणून कोर्टाने त्याला काळा कोट घालायला बंदी केली, हा किस्सा तुमच्याही ग्रुपवर आला असेल. ‘काला पानी’ (१९५८) या सिनेमाशी तो जोडतात. पण कुठलं कोर्ट, कुठली तारीख, हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. शिवाय सिनेमा कृष्णधवल. पडद्यावर गडद निळा कोटही काळाच दिसणार!

त्याची छाप पडली ती वेगळ्याच गोष्टींतून. कपाळावर उंच उचललेला केसांचा फुगा, गळ्यापर्यंत बंद केलेलं शर्टाचं बटण, ‘ज्वेल थीफ’मधली (१९६७) चौकड्यांची टोपी.