पार्श्वभूमी: ‘पाणी घट्ट करून द्या’ या सल्ल्यामागे काय आहे

पक्षाघात, पार्किन्सन किंवा डिमेन्शियाच्या रुग्णाला ठसका लागू लागला, की पाणी, चहा, औषध सगळं पावडर घालून घट्ट करायला सांगतात. गिळण्याचे तीन टप्पे (तोंड, घसा, अन्ननलिका) एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले गेले होते आणि एक्स-रे हाती येताच 1896 च्या सुमारास बदकवर्गीय पक्ष्यांना एक्स-रेत उठून दिसणारा बिस्मथ धातूचा क्षार खाऊ घालून घास सरकताना पाहिलाही होता. उपचार बदलले ते मात्र 1980 च्या आसपास, एक्स-रेत दिसणारं बेरियमचं मिश्रण गिळतानाचं चित्रण नेहमीचं झाल्यावर. घशातला टप्पा जेमतेम सेकंदाचा. तेवढ्यात श्वास थांबून स्वरयंत्र मिटायला हवं. ते उशिरा मिटलं तर पातळ पाणी आधीच श्वासनलिकेत पोचतं, आणि कित्येकांना तेव्हा ठसकाही लागत नाही. घट्ट द्रव सावकाश उतरतो, म्हणून तो द्यायचा. पण जिभेचा रेटा कमी असेल तर तोच द्रव घशात साचून राहतो. ही बाजू घरच्यांना क्वचितच कोणी सांगतं.

घट्ट म्हणजे किती, याचं उत्तर अमेरिकेत 2002 मध्ये आकड्यांत दिलं गेलं: 51 ते 350 सेंटिपॉइज (द्रवाचा घट्टपणा मोजण्याचं एकक) ही एक पातळी, 351 ते 1750 ही दुसरी, त्यापुढे चमच्याने खाण्याजोगं. पाणी साधारण 1. घोळ झाला तो मोजणीच्या अटीत. टोमॅटो सॉस हलवला की पातळ होतो, तसेच हे द्रवही जोरात सरकले की सैल पडतात. त्यामुळे द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने घसरत असताना (शिअर रेट) मोजायचं ते ठरवावं लागतं. ठरला तो शिअर रेट सेकंदाला 50. हा आकडा तोंडात घट्टपणा कसा जाणवतो, याच्या जुन्या अभ्यासांतला. घशात तो वेग शेकड्यांत जातो. म्हणजे 50 ला सारखे ठरलेले स्टार्चची आणि झँथन गमची (घट्टपणा आणणारा डिंकासारखा पदार्थ) पावडर घातलेले दोन पेले घशात वेगळे वागू शकत होते. शिवाय तपासणीतलं बेरियम आणि नंतर वॉर्डात मिळणारं पेय यांचाही मेळ नसे. जिभेचं माप घशाला लावलं, असंच म्हणावं लागेल. आणि घट्टपणा मोजणारा व्हिस्कोमीटर तरी कुठल्या स्वयंपाकघरात असतो?

2008 मध्ये सुमारे 500 रुग्णांवरच्या अभ्यासाने मूळ समजुतीलाच धक्का दिला. एक्स-रेखाली सर्वांत घट्ट द्रव सुरक्षित दिसला होता. पण तीन महिन्यांत न्यूमोनिया किती जणांना झाला हे पाहिलं, तेव्हा हनुवटी छातीकडे झुकवून साधं पाणी पिणाऱ्यांत आणि घट्ट द्रव घेणाऱ्यांत ठोस फरक निघाला नाही. उलट घट्टवाल्यांमध्ये शरीरातलं पाणी कमी होण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं.

2015 नंतर आलेल्या 0 ते 7 पातळ्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने सेंटिपॉइज बाजूलाच ठेवले. 10 मिलीची ठरावीक मापाची सिरिंज भरायची, टोकावरचं बोट 10 सेकंद काढायचं आणि उरलं किती ते पाहायचं. 1 ते 4 मिली उरलं तर पहिली पातळी, 4 ते 8 तर दुसरी, त्याहून जास्त उरूनही थेंब पडत असले तर तिसरी. 2019 पासून ती ब्रिटन-अमेरिकेत रुळू लागली. सिरिंज चिकटपणा मोजत नाही, ही अभियंत्यांची तक्रार खरी आहे, पण निदान नर्सला आणि घरच्यांना ती वापरता तरी येते. चाचणी प्यायच्या वेळच्या तापमानालाच करायची. स्टार्चची पावडर किंवा तांदळाची पेज असेल तर उष्टा चमचा पेल्यात परत बुडवायचा नाही. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडतं, आणि तिसऱ्या पातळीचं पेय बघता बघता पातळ होतं.