१० गिगाबिटचं कार्ड घेतलं की झालं?

‘रेकॉर्ड केलेला नेटवर्क ट्रॅफिक सेकंदाला १० गिगाबिटने रिप्ले करायचाय, म्हणजे पुन्हा नेटवर्कवर सोडायचाय? मग १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घ्या, झालं काम.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धवट आहे.

कार्डावरचा आकडा बिट्सचा असतो; मशीनची दमछाक होते ती पॅकेट्सच्या संख्येने. १५१८ बाइटच्या फ्रेम्स (तारेवरून जाणारी पॅकेट्स) असतील तर सेकंदाला साधारण ८.१ लाख पॅकेट्स. ६४ बाइटच्या असतील तर तब्बल १.४८ कोटी! म्हणजे एका पॅकेटला जेमतेम ६७ नॅनोसेकंद, ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसर कोअरला सुमारे २०० सायकल. प्रत्येक पॅकेटसाठी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, उंबरठा ओलांडायचा तर एवढ्यात भागत नाही. म्हणूनच टीसीपीरिप्ले या ट्रॅफिक रिप्ले करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नेटमॅपची, म्हणजे कर्नलच्या नेहमीच्या वाटेला वळसा घालण्याची, सोय आहे. पण कार्डाच्या ड्रायव्हरला ती चालते का, हे खरेदीआधीच बघा. जास्त कोअरपेक्षा वेगवान कोअर बरा.

दुसरी मेख डिस्कची. १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १.२५ गिगाबाइट, साटा एसएसडी त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. रेकॉर्डिंगची फाइल आधी रॅममध्ये चढवा, म्हणजे रॅम हवी फाइलपेक्षा मोठी.

आणि कार्ड ज्यात बसतं तो स्लॉट! पीसीआयई २.० प्रकारच्या स्लॉटच्या चार लेनमधून (डेटाच्या वाटांमधून) सेकंदाला जातात फार तर १६ गिगाबिट. १०-१० गिगाबिटच्या दोन पोर्टचं कार्ड तिथे खोचून ड्रायव्हरला शिव्या घालणारे कमी नाहीत.