धाब्याचा वाडा (खानदेश)

सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मातीचे सपाट छत (धाबे) असलेले, गावठाणातील सधन कुटुंबाचे घर. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील जुन्या पेठांत असे वाडे आढळतात. लाकूड सातपुड्यातले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव कडाडले आणि त्याच दशकात आगगाडी खानदेशात पोहोचली. त्या तेजीचा पैसा अनेक घरांच्या नक्षीत उतरला.

वाड्याचा भार मुख्यतः भिंतींवर नसतो, खांबांवर असतो. खांब दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे ओल आणि वाळवी दूर राहते. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना कोरीव घोडे (तुळईला आधार देणारे लाकडी हात), त्यांवर तुळई, तुळईवर कड्या (छत पेलणारी आडवी लाकडे). सांधे कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) आणि खाचेचे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घराचा आकारही खणांतच सांगतात. मातीच्या जाड भिंती मुख्यतः उन्हासाठी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी माजघर गार राहते.

रस्त्याच्या अंगाला ओटा, मग दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, देवघर आणि वर माडी. सुताराचे खरे कसब दरवाजात दिसते. चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध गणपती, बाजूंनी वेलबुट्टी, फळ्यांवर पितळी फुल्या. आतली आगळ (अडसर) भिंतीतल्या पोकळीत सरकते. दार उघडे असताना ती दिसतही नाही. गुजरातच्या शेजारामुळे नंदुरबारकडच्या माडीच्या कठड्यांत आणि खिडक्यांत नक्षी अधिक दाट असते.

पाऊस बेताचा, म्हणून धाबे चालते. कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला, चिखल आणि शेवटी खारी माती. मृगापूर्वी ही माती दरवर्षी नव्याने पसरावी लागते आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. हे काम दोन-चार वर्षे चुकले की पाणी भिंतीत मुरते आणि भिंतीत गाडलेले तुळईचे टोक कुजते. वाडा पडतो तो बहुधा तिथूनच. धाब्यावर सिमेंटचा थर ओतणे हा उपाय सोपा वाटतो, पण तो घातक आहे: वजन वाढते, ओल आत कोंडते आणि कूज डोळ्याआड वाढत राहते.

वाटण्या झाल्या की चौकात भिंत येते, धाब्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. मग कोरीव दरवाजे आणि खांब सुटे विकले जातात. हे नुकसान मोठे आहे, कारण खणाच्या मापाने घडवलेला घोडा दुसऱ्या घरात केवळ शोभेपुरता उरतो. टोक कुजलेले असेल तर तेवढाच भाग कापून, नवे सागवान सांधून तुळई वाचवता येते. त्यासाठी जुने सांधे जाणणारा सुतार मात्र हवा.