एक नर, किती माद्या? सापांच्या पैदाशीतील एका आकड्याची पार्श्वभूमी

सापांची पैदास करणाऱ्याच्या नोंदवहीत ‘१.३’ असे लिहिलेले दिसले, तर तो दशांश अपूर्णांक नव्हे. टिंबाच्या आधी नर, नंतर माद्या. लिंग न ओळखलेले साप असतील तर आणखी एक टिंब देऊन तिसरा आकडा लिहितात. प्राणिसंग्रहालयांच्या नोंदींत रुळलेली ही पद्धत खासगी पैदासकारांनीही उचलली. त्यांच्यात एका नराला तीन ते पाच माद्या हे प्रमाण आज इतके गृहीत धरले जाते की तो सापांचा निसर्गक्रमच वाटावा. प्रत्यक्षात हा आकडा माणसाच्या हिशेबातून आला आहे.

निसर्गात अनेकदा उलटेच दिसते. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे वसंत ऋतूत चुनखडीच्या कपारींतून हजारो गार्टर साप बाहेर पडतात. नर आधी येऊन वाट पाहत राहतात आणि बाहेर येणाऱ्या एकेका मादीभोवती कित्येक नरांचा गुंता होतो. व्हेनेझुएलाच्या पाणथळ गवताळ प्रदेशात हिरव्या ॲनाकोंडाच्या एका मादीला १३ पर्यंत नरांनी वेढलेले आढळले आहे, आणि असा गुंता कधी कधी काही आठवडे सुटत नाही. इतर अनेक जातींत नर एकमेकांशी झुंजतात. शरीराचा पुढचा भाग उचलून परस्परांना पीळ घालणारे असे दोन नर पाहून, नर-मादीचे मिलनच चालले आहे, अशी समजूत करून घेणारे आजही पुष्कळ आहेत. या चुरशीचा उपयोग काही पैदासकार करतात: थंड पडलेल्या नराच्या पेटीत दुसऱ्या नराची ताजी कात ठेवली की त्याची जीभ भराभर लवलवू लागते.

मग प्रमाण एका नराकडे का झुकले? कारण दुर्मीळ रंग. १९५३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात कॉर्न स्नेकचा एक वर्णहीन नर सापडला. तो साध्या रंगाच्या माद्यांना लावण्यात आला, आणि पुढच्या पिढीतून १९६१ मध्ये एच. बर्नार्ड बेक्टेल या अमेरिकन पैदासकारांनी वर्णहीन पिल्ले मिळवली. हा गुण अप्रभावी असल्याने त्या नराच्या पहिल्या पिढीतील पिल्ले दिसायला साधीच होती, पण गुण त्यांच्या रक्तात दडलेला होता. हाती असा एकच नर असेल, तर त्याला जितक्या माद्या लावाव्यात तितकी वाहक पिल्ले जास्त. पश्चिम आफ्रिकेतून मोठ्या संख्येने निर्यात होणाऱ्या बॉल पायथनच्या बाबतीत १९९२ मध्ये बंदिवासात वर्णहीन पिल्ले जन्मल्यावर हाच हिशेब जोरात चालला. त्यात वयाची भर पडली: नर वर्षभरात कामाला येतो, मादीला मात्र साधारण तीन वर्षे आणि दीड किलोच्या आसपास वजन लागते, आणि तीही एका वेळी जेमतेम अर्धा डझन अंडी देते.

नराला यात काही खर्च येत नाही, असे फार काळ मानले गेले. १९९७ मध्ये स्वीडनमधील ॲडर या विषारी सापावर झालेल्या अभ्यासाने ते खोडून काढले. वीर्य तयार होण्याच्या काळात, हालचाल जवळपास नसतानाही, नराचे वजन घटते. बंदिवासातील नर तर हंगामात अनेकदा खाणेच सोडतो. म्हणून जाणकार पैदासकार त्याला एका मादीजवळ दोन-तीन दिवस ठेवून परत काढतात, विश्रांती देतात आणि वजन नियमित तपासतात. माझ्या मते एका नराला किती माद्या, याचे खरे उत्तर त्या तराजूवर मिळते.

दुसरा खर्च रक्ताच्या नात्याचा: एकाच नराची सगळी पिल्ले एकमेकांची भावंडे असतात, आणि नातलगांतली वीण महागात पडू शकते. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्मिगेहूक येथे एकाकी पडलेल्या ॲडरच्या कळपात नातलगांतच वीण होऊन मृत किंवा व्यंग असलेली पिल्ले जन्मू लागली होती. १९९२ मध्ये संशोधकांनी तेथे दुसऱ्या ठिकाणचे २० नर सोडले, चार हंगामांनंतर उरलेले परत नेले, आणि पुढच्या काही वर्षांत तो कळप पुन्हा वेगाने वाढू लागला.