लेकराला पहिल्यांदा गरी टाकायला नेताना

दिवाळी झाली, सकाळची थंडी पडू लागली की दुकानात एक जोडी हमखास येते. स्वतः वर्षानुवर्षे मासोळ्या धरणारा बाप, आणि त्याचं बोट धरून आलेलं चार-पाच वर्षांचं लेकरू. बापाला लेकरासाठी रीलवाला रॉड हवा असतो. आम्ही तो काढून दाखवतो, पण घ्या म्हणत नाही. त्या वयाच्या हाताला रील झेपत नाही. दोरीचा गुंता होतो, बाप गुंता सोडवत बसतो आणि लेकरू कंटाळून घरी चला म्हणतं.

त्यापेक्षा बांबूची हलकी, सरळ काठी न्या. लेकराच्या उंचीच्या दीडपट पुरे. नायलॉनची दोरी काठीएवढीच ठेवा, म्हणजे काठी उभी धरली की गरी आपसूक हाताशी येते. वर पेन्सिलीएवढा छोटा फ्लोट, खाली शिशाचा एक बारीक मणी आणि १४ किंवा १६ नंबरची गरी. (गरीचा नंबर जितका मोठा तितकी ती लहान, इथे नवे लोक नेहमी फसतात.) गरीचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करा. मग ती मासोळीच्या तोंडातून लगेच सुटते, आणि लेकराच्या बोटात घुसली तरी सुटते. दात न दाबलेली गरी खोल रुतली तर ओढू नका. दोरी कापून सरळ डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

शिशाचा मणी दाताने दाबायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. लेकरासमोर ते अजिबात करू नका. शिसं विष आहे, आणि आपण जे तोंडात घालतो ते लेकरू घालणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा स्वतःचा रॉड घरी ठेवा. हे मी माझ्या मुलीपायी शिकलो. ती साडेचार वर्षांची असताना तिला सिल्लेवानी घाटाकडच्या एका ओहोळावर नेलं होतं. माझीही गरी पाण्यात होती. ओढ लागल्यासारखी वाटली म्हणून चार पावलं खाली सरकलो, तेवढ्यात मागे पाण्याचा आवाज झाला. वळून पाहतो तर पोरगी शेवाळावरून घसरून छातीभर पाण्यात बसलेली, काठी तशीच मुठीत. पाणी संथ होतं म्हणून निभावलं. त्या दिवसानंतर ती सोबत असली की मी गरी टाकत नाही. लेकरू तुमच्या हाताच्या अंतरावर हवं, आणि तुमचे दोन्ही हात रिकामे हवेत. लाइफ जॅकेट घालाच, उथळ पाण्यातसुद्धा. पायात चप्पल नको, जुने कॅनव्हासचे बूट. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर साधा चष्मा, कारण उलटून येणारी गरी नेमकी तोंडाच्या उंचीवर येते.

नागपूरच्या आसपास जमीन सपाट आहे. डोंगरातले ओहोळ पाहायचे तर उत्तरेला सातपुड्यात जावं लागतं. आपली कन्हान आणि पेंच दोन्ही तिथूनच, छिंदवाड्याकडून खाली येतात. पेंच आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत मासेमारी करायची नाही. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननाचा काळ म्हणून नद्यांवर बंदी असते. इतर ठिकाणी आधी गावात आणि वन विभागाच्या नाक्यावर विचारा. तलाव तर बहुधा मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात.

पावसाळ्यात लेकराला ओहोळावर नेऊच नका. डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो. ऑक्टोबरातही निवळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, तर सामान तिथेच टाका आणि उंचावर चढा. मार्चनंतर ओहोळ आटून डबकी उरतात. तिथे अडकलेल्या मासोळ्या सहज सापडतात, पण त्या धरू नका. पुढच्या पावसाळ्याचं बी तेच आहे.

मासोळी प्रवाहाकडे तोंड करून थांबते, म्हणून खालच्या बाजूने, सावली पाण्यावर न पाडता जा. दगडाच्या आडोशाला जिथे पाणी जरा थांबतं, तिथे कणकेची मुगाएवढी गोळी किंवा गांडुळाचा तुकडा सोडा. कोतरीसारखी मासोळी आधी नुसती टोचते. फ्लोट दोनदा थरथरतो, मग तिरपा होऊन बुडतो. ‘बाबा, गेलं!’ असं लेकरू ओरडलं की काठी त्यालाच उचलू द्या. सुटली तर सुटली.

टेंगरा किंवा शिंगी लागली तर मात्र लेकराला हात लावू देऊ नका. त्यांचे काटे फार झोंबतात. टोचलेच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. पाणी आधी तुमच्या हाताने पाहा. वेदना थांबल्या नाहीत, सूज वाढली किंवा काटा आत राहिला तर दवाखाना. बाकी मासोळ्या ओल्या हातानेच धरायच्या, दाखवायच्या आणि लगेच सोडायच्या.

तासाभरात लेकराचं लक्ष उडतं. उडू द्या. एखादा दगड तुम्ही उलटा करा (विंचू असू शकतो, म्हणून आधी तुम्ही), खालचा खेकडा, चतुराची पाण्यातली पिल्लं दाखवा आणि दगड होता तसा ठेवा. डब्यातली पोळी-भाजी खा, संत्री सोला. तुटलेल्या दोरीचा तुकडान् तुकडा खिशात घाला, पाखरांचे पाय त्यात अडकतात.

काठी घ्यायला येताना लेकराला सोबत आणा. त्याच्या उंचीला काठी लावून, मुठीत बसते का ते पाहूनच आम्ही कापतो. गरीची गाठही तेव्हाच शिकवू: पाच वेढे, थुंकीने ओलं करायचं, मग आवळायचं.