ढेकणांसाठी कपाशीचे औषध घरात नको

कपाशीवर फवारून उरलेले औषध बाटलीच्या तळाशी राहते आणि घरातल्या बाजेला ढेकूण झाले की हात त्या बाटलीकडे जातो. विदर्भातील खेड्यांत ही सवय इतकी रुळली आहे की तिच्यातला धोका कुणाला जाणवतही नाही. वास्तविक यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि तेही उघड्या शेतात. तेच औषध बंद खोलीत, ज्या गादीवर लेकरू तोंड टेकवून रात्रभर झोपते त्या गादीवर शिंपडले, तर ते श्वासावाटे आणि त्वचेवाटे सतत शरीरात जात राहते. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर त्याहून घातक आहेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्या वायूवर उतारा नाही, आणि ढेकणांसाठी या गोळ्या ठेवल्यामुळे झोपेतच माणसे गेल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत.

एवढा धोका पत्करूनही ढेकूण जातातच असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण संपतील असे जगाला वाटले होते, पण १९४७ मध्येच हवाई बेटांवर डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. पुढे भारतातही हिवतापासाठी घरोघर डीडीटी फवारली गेली, तेव्हा हाच अनुभव आला. डीडीटी ज्या ठिकाणी कीटकाच्या मज्जातंतूवर घाव घालते, त्याच ठिकाणी आजचे पायरेथ्रॉइड गटातील घरगुती फवारेही घालतात. तिथे बदल झालेला ढेकूण दोन्हींना पुरून उरतो. शिवाय अशा फवाऱ्यांनी डिवचलेले ढेकूण पलंग सोडून भिंतीच्या भेगांत पांगतात आणि एका खोलीचा त्रास साऱ्या घराचा होतो.

ढेकणाची खरी दुबळी बाजू म्हणजे उष्णता. ४८ अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण सुमारे २० मिनिटांत मरतो. अंडी अधिक चिवट असतात, त्यांना त्याच तापमानात सव्वा तासाच्या आसपास लागतो. ५५ अंशांच्या पुढे मात्र दोन्ही लगेच संपतात. मग मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात ढेकूण टिकतात कसे? घरातली मातीची भिंत आणि गादीचे पोट बाहेरच्या हवेइतके तापत नाही, हे त्याचे उत्तर आहे. कापूस उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे उन्हात टाकलेल्या गादीचा वरचा भाग चटका बसेल इतका तापला तरी खालची बाजू निवांत राहते आणि ढेकूण तिकडे सरकतात. म्हणून नुसती गादी उन्हात टाकणे पुरेसे नाही. पिंजाऱ्याकडे द्यायची झालीच असेल तर हीच वेळ साधावी: खोळ उकळत्या पाण्यात टाकावी आणि रुई तापलेल्या टिनावर अगदी पातळ पसरून, वर जुने लुगडे बांधून, दुपारभर अधूनमधून उलटत राहावी. गोधड्या, चादरी आणि उशांच्या खोळी ६० अंशांहून गरम पाण्यात भिजवाव्यात.

खरी मेहनत बाजेवर करावी लागते. सुतळी जिथे लाकडावर वळसा घेते, ती गाठ बॅटरीच्या उजेडात उकलून पाहावी. आत शाईच्या ठिपक्यांसारखी काळी विष्ठा, पिवळसर कातीची टरफले आणि लाकडाला चिकटलेली जेमतेम मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी दिसतात. सुतळी सोडून उकळत्या पाण्यात टाकावी आणि पाय जिथे चौकटीत बसतात त्या खाचांत उकळते पाणी सावकाश ओतावे, वरून घाईने शिंपडू नये, कारण खोल फटीत पोहोचेपर्यंत पाणी निवते. हे काम लेकरांना दूर ठेवूनच करावे. भिंतीच्या भेगा आणि दाराच्या चौकटीमागची फट माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवून टाकावी.

यानंतर बाज भिंतीपासून वीतभर दूर ओढावी, पांघरूण जमिनीला टेकू देऊ नये आणि प्रत्येक पाय साबणाचे पाणी घातलेल्या वाटीत ठेवावा. ढेकणाला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही, त्यामुळे त्याला पायावरूनच चढावे लागते. कोरडी गुळगुळीत वाटी मात्र कामाची नाही, कारण आपल्याकडे आढळणारी उष्णकटिबंधीय जात गुळगुळीत पृष्ठभागावरही बऱ्यापैकी चढू शकते. वाटीत पडलेले ढेकूण हाच पुढचा अंदाजही देतात.

एकदा उकळते पाणी ओतून काम संपत नाही. सुटलेली अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी सारे पुन्हा करावे आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला गाठी तपासाव्यात. कडुनिंबाचा पाला किंवा कापूर गादीखाली ठेवल्याने हे टळत नाही.

ढेकणामुळे माणसाला रोग पसरल्याचे सिद्ध झालेले नाही, ही दिलाशाची बाब आहे. पण झोपमोड आणि खाजवून चिघळलेल्या जखमांचा त्रास खराच आहे आणि ढेकूण फार झाले तर लहान मुलांच्या अंगातले रक्तही कमी होते. आधीच औषध फवारलेले असेल आणि कुणाला लाळ, घाम, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसली, तर त्याला मोकळ्या हवेत आणून, कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, बाटलीसह थेट रुग्णालयात न्यावे.

वीटभट्टीवर किंवा वेचणीला गेलेल्या कुटुंबाने घर बंद ठेवले म्हणून मागे राहिलेले ढेकूण उपाशी मरतील, हा भरवसाही धरू नये, कारण मोठा ढेकूण रक्ताविना कित्येक आठवडे, थंडीत तर कित्येक महिने तग धरतो. परत आल्यावर सोबतची पथारी अंगणातच गरम पाण्यात बुडवावी आणि बंद घरातल्या बाजेच्या गाठी पहिल्याच रात्रीपूर्वी पाहाव्यात.